आज्याचा ढीग आणि उलटी पृथ्वी

आमच्या आज्यानं विहिरीतून उपसून टाकलेला मुरमाचा ढीग मी पृथ्वीच्या पोटातून उलटा होऊन वर आलेला डोंगर समजलो, आणि त्या समजुतीच्या जोरावर बापाला नवी विहीर भलत्याच जागी खोदायला लावली. चूक एवढीच. सांगायला एक वाक्य पुरलं; करायला मात्र मला नागपूरच्या कॉलेजात दोन वर्षं शिकावं लागलं. न शिकलेल्या माणसाच्या हातून ती झालीच नसती, कारण आमच्या पिंपळगाव राजाच्या शिवारात म्हशी राखणाऱ्यालाही ढीग म्हणजे ढीग हे कळत होतं.

भूशास्त्र मी घेतलं ते दगडांच्या प्रेमानं नव्हे. गणिताच्या वर्गात जागा उरली नव्हती आणि संस्कृतच्या मास्तरांनी माझ्या तोंडचा एक श्लोक ऐकून मला दुसरा विषय पाहायला सांगितलं होतं. उरले दगड. त्यांचे प्रोफेसर मऊ हातांचे, पांढऱ्याशुभ्र पोशाखाचे गृहस्थ होते. त्यांच्याकडे एका लाकडी पेटीत कापसावर निजवलेले चाळीस नमुने होते. ते आम्हाला दाखवले जात, हाती दिले जात नसत. घामानं खराब होतील म्हणे. जे जमिनीत युगानुयुगं पावसापाण्यात पडून होते ते आमच्या घामानं खराब होणार होते. बाकी सारं भूशास्त्र फळ्यावर. सर्वांत खालचा थर सर्वांत जुना, त्यावरचा त्याहून नवा, सर्वांत वरचा सर्वांत नवा. घरात गोधड्या रचतात तसं. आमच्या मायला हे ठाऊक होतं, पण ती त्याला नियम म्हणत नव्हती, म्हणून मला कधी पटलं नव्हतं. मग एक दिवस प्रोफेसरांनी परदेशातल्या कुठल्याशा पर्वताची आकृती काढली. तिथे म्हणे सगळी चळतच पालथी झाली होती. जुनं वर, नवं खाली. ती आकृती पाहिली आणि मी बिघडलो. नियम काय कुणालाही कळतो; अपवाद ज्याला दिसतो तो विद्वान, असं मी मनाशी ठरवून टाकलं. पुढे सारा जन्म याच धंद्यात गेला आणि असे पुष्कळ विद्वान जवळून पाहिले. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या अपवादाखाली कुणाच्या तरी आज्याचा ढीग निघतो. फरक इतकाच, की त्यांच्या घरी तो ढीग ओळखणारी आत्या नसते.

त्या उन्हाळ्यात सुटीवर आलो तेव्हा बा बैलांचं खाचर घेऊन नांदुऱ्याच्या ठेसनावर आला होता. आम्ही बागाईतदार माळी. वांगी, मिरच्या, मेथी, कांदे पिकवायचे आणि बाजाराला न्यायचे, यापलीकडे घराण्यात कुणी काही केलं नव्हतं. बा स्वतः कमी बोलायचा, पण माझ्याविषयी बोलायचं म्हटलं की त्याला कंठ फुटायचा. माझी ट्रंक उचलणाऱ्या गुलाब हमालाला तो म्हणाला, “पोरगं माह्यं धर्तीचं वय सांगते.”

गुलाब ट्रंक डोक्यावर तोलत म्हणाला, “मंग आमच्या ठेसनमास्तराचं सांगा म्हणा. कागदावर पस्तीस हाय, अन् नातू शाळेत जाऊन राह्यला.”

बा हसला. मी हसलो नाही. विद्वानानं हमालाच्या विनोदाला हसू नये असं माझं तेव्हाचं मत होतं. घरापर्यंतच्या वाटेवर मी बाला नाल्याच्या दरडी दाखवून थर समजावत होतो आणि तो बैलांच्या शेपट्या पिरगाळत ‘हाव, हाव’ म्हणत होता.

आमचं घर मळ्यातच होतं, विहिरीला लागून. पहाटे मोटेचं चाक करकरायला लागलं की घर जागं व्हायचं. माझी झोप चाकाच्या आवाजानं नाही, तो थांबला की मोडायची. त्या वर्षी चाक न्याहारीच्या आतच थांबत होतं. विहिरीत चार मोटा पाणी जमायचं, उपसलं की तळ दिसायचा, मग दुपारपर्यंत वाट पाहायची. चुलीपाशी भाकरी थापत माय चाकाकडे कान लावून मोटा मोजायची आणि मनातल्या मनात ठरवायची, आज वांग्याला पाणी, मिरचीला उद्या. ताटात भाकर, ठेचा आणि वांगं. दुसऱ्या दिवशी वांगं, ठेचा आणि भाकर. विहीर नवी पाडायची तर मृगाच्या आत, नाहीतर त्या वर्षीची वांगी गेली आणि मायच्या हातची मिरचीची रोपंही गेली. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

घरात आणखी एक माणूस होतं, गोदाआत्या. बाची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, दातांना सदा मिसरी लावलेली, कंबरेत वाकलेली. बा पाळण्यात होता तेव्हा ती डोक्यावर टोपली घेत होती, इतकं दोघांत अंतर. माझ्या दृष्टीनं ती घरातल्या जुन्या उखळासारखी होती. असते, ठेच लागते, बाजूनं जायचं.

विहीर पाडायला बानं धामणगाव बढ्याहून रहीमचाचाला बोलावलं. उंच, काळा, एका कानानं ठार बहिरा. सुरुंगानं नेलेला तो कान. त्याचं काम पाहायला मी गेलो ते करमणूक म्हणून. तो शिवारात अनवाणी हिंडला. पहार जमिनीवर आपटून चांगला कान तिच्या दांड्याला लावला. शेजाऱ्यांच्या दोन विहिरींत उतरला, भिंतीवरून हात फिरवत वर आला आणि तळहाताला लागलेली माती जिभेवर ठेवून थुंकला. शेवटी मळ्याच्या खालच्या अंगाला, उंबराजवळ, पहार रोवून म्हणाला, “इथं. आधी मुरूम लागन, मंग पोकय दगड, चुन्याचे दाणे असलेला. त्याच्याखाली गेरू. गेरूच्या अंगावरून पाणी चालते, भाऊ. गेरू फोडाचा नाही. त्याच्याखाली काया पत्थर हाय, त्याच्यात काई नाही.”

“किती खोल?” बानं विचारलं.

“सहा पुरुष तं धरा. एकावर एक सहा माणसं.”

मी मनात म्हटलं, माती चाखणारा माणूस. चाळीस नमुन्यांपैकी एकही आम्ही चाखला नव्हता.

आता माझा शोध. मळ्याच्या वरच्या अंगाला एक टेकाड होतं, तरवडाच्या झुडपांनी झाकलेलं. एका बाजूनं पावसाच्या ओहोळानं ते उभं कापलं होतं. आल्या आल्या दुसऱ्याच दिवशी मी हातोडी घेऊन तिथे गेलो आणि दरडीसमोर गुडघ्यांवर बसलो. सर्वांत खाली मुरूम. त्यावर पोकळ दगडाचे तुकडे, पांढऱ्या दाण्यांचे. त्यावर गेरू, लालभडक. आणि डोक्यावर काळ्या पाषाणाच्या कपच्या. सगळ्या शिवारात जो क्रम होता तो इथे उफराटा. प्रोफेसरांची आकृती माझ्या बापाच्या मळ्यात येऊन बसली होती. पृथ्वी इथे पालथी झाली होती आणि ती पाहणारा पहिला माणूस मी.

तेवढ्यात गोदाआत्या शेण्या वेचत तिथे आली. मला गुडघ्यांवर बसून दरड मोजताना पाहून म्हणाली, “काय शोधून राह्यला बे? ते आपलंच हाय. बाबानं—”

“आत्या,” मी म्हणालो, “हे आपलं नाही. माणूस जन्मायच्या आधीचं आहे. तुले नाही समजणार.”

तिनं हातातली शेणी टोपलीत टाकली. मग टोपली डोक्यावर घेतली. “बरं,” म्हणाली, आणि गेली. त्या ‘बरं’मध्ये काय होतं ते आज मला स्वच्छ ऐकू येतं. त्या दिवशी मला त्यात आदर ऐकू आला.

मी प्रोफेसरांना आकृतीसह चार पानी पत्र लिहिलं. आठवड्याच्या आत राजाचं डोकं छापलेल्या कार्डावर इंग्रजीत उत्तर आलं. फारच रंजक, थर निःसंशय उलटलेले, नमुने पाठवा. शेवटी एक ओळ होती, मी प्रसिद्ध करीपर्यंत कुणापाशी बोलू नये. प्रोफेसर नागपूरहून हलले नव्हते. जागा पाहिली नव्हती, दगड पाहिला नव्हता, पण ‘निःसंशय’ हा शब्द त्यांनी लिहिला, आणि शोध त्यांचा झाला. मी मात्र ते कार्ड दोन दिवस छातीशी बाळगून हिंडत होतो.

रहीमचाचानं जागा सांगितली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बसून मी बाला कार्ड वाचून दाखवलं, शेवटची ओळ गाळून. मग माझं गणित मांडलं. इतरत्र गेरू सहा पुरुष खोल, त्याच्यावर पाणी. टेकाडात गेरू वर आलेला, म्हणजे जे त्याच्यावर असायला हवं ते इथे त्याच्याखाली. म्हणजे टेकाडाच्या पायथ्याशी खोदलं की दोन-तीन पुरुषांत पाणी. सहा कशाला पाडायचे?

बा माझ्याकडे पाहत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला आजही सहन होत नाही. त्याला पटलेलं काही नव्हतं. त्याला फक्त मुलगा इंग्रजी वाचत होता हे दिसत होतं. त्यानं ओट्यावर बसलेल्या रहीमचाचाकडे पाहिलं.

रहीमचाचानं विडी पेटवली. “बाबू, ढिगातला गेरू हातात घेतला का?”

“घेतला. नमुने काढले आहेत.”

“त्याचं तोंड कोनीकडं हाय?”

“दगडाले तोंड नसते, चाचा.”

“बरं,” रहीमचाचा म्हणाला. दुसरं ‘बरं’. “भाऊ, तुमी मालक. म्हणान तिथं खोदतो. मृगाच्या आधी मले सुटून जाचं हाय, एवढं ध्यानात ठेवा.”

बा म्हणाला, “पोरगं म्हणते तिथं.” आत्याला कुणी विचारलं नाही, आणि एकच गोष्ट दोनदा सांगायची तिची रीत नव्हती.

टेकाडाच्या पायथ्याशी एक किंचित खोलगट जागा होती, पावसाळ्यात म्हशी बसायच्या ती. मी तीच दाखवली. पहिल्या दिवसापासून खोदकाम लोण्यासारखं. टिकाव बसला की माती ढासळायची. मी काठावर उभा राहून म्हणायचो, बघा, उलटलेला खडक ठिसूळच असणार. रहीमचाचा खालून पुढची टोपली वर पाठवायचा. एक पुरुष, दोन पुरुष. पाण्याचा पत्ता नाही, पण मी निर्धास्त. तिसऱ्या पुरुषात एक फुटकी चिलीम निघाली. मी ती धुतली, उन्हात धरली आणि बाला म्हणालो, की एवढ्या खोलवर मनुष्याची वस्तू म्हणजे मनुष्य आपण समजतो त्याहून फार फार जुना असला पाहिजे. दुसरा निष्कर्षही त्यातून निघू शकतो हे माझ्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या पत्राची वाक्यं मी जुळवायला लागलो होतो. तिकडे बाराव्या दिवशी वांग्याच्या पानांच्या कडा करपल्या आणि मायनं माझ्याकडे न पाहता ताट वाढलं.

त्याच दिवशी दुपारी खालून मोटेच्या चाकाचा कुजका तुकडा वर आला, लोखंडी आखासकट. रहीमचाचा दोरावरून वर आला. त्यानं तो तुकडा बाच्या पायांपाशी ठेवला. मग टेकाडाकडे गेला, दरडीतून लाल ढेकळं उपटली आणि एकेक माझ्यासमोर मांडली.

“हे पाह्य बाबू. गेरू जिमिनीत असला का त्याचं वरचं तोंड पक्कं असते, विटेसारखं, अन् खालचं कच्चं, नखानं निघते. कवातरी त्याच्यावर आगीचा जाय पडला असन, मले काई माहीत नाही, पर प्रत्येक विहिरीत असंच हाय. तुही धर्ती पालथी झाली असती तं सगळी पक्की तोंडं खाली असती. हे एक खाली हाय. हे वर. हे बाजूले. हे तं तुह्याकडंच पाहून राह्यलं. हे टोपलीतून पडलेलं हाय बाबू. जे आधी निघते ते ढिगाच्या खाली जाते, मागून निघते ते वर. विहीर वरून खाली जाते अन् ढीग खालून वर येते. आमच्या धंद्यात हे पयल्या दिवशी समजते.”

मी बाकडे पाहिलं. बा चाकाच्या तुकड्याकडे पाहत होता. पाठीमागून भाकरीची टोपली घेऊन गोदाआत्या आली. तिनं खाली डोकावलं, चाक पाहिलं, चिलीम मागितली, पदरानं पुसली.

“बाबाची हाय,” ती म्हणाली. “विहीर कोरडी निघाली तवा त्यानं रागात फेकली आत. गेरू फोडला, काया पत्थर फोडला, पाणी नाही. मंग आमी सगयांनी बुजवली. हा ढीग म्या वाह्यला. सात-आठ वर्साची असन. टकलावर टोपलीखालची चुंभय होती तिथं केस कमी आले, ते अजून तसेच हाय.” आणि तिनं पदर मागे सारून मला टाळू दाखवली.

जुन्या पुस्तकांत म्हणतात तशी धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं, पण धरणीला माझ्याशी कर्तव्य नव्हतं. एका कोरड्या विहिरीत मी बाची दुसरी कोरडी विहीर खोदून घेतली होती, आणि करपायला लागलेल्या वांग्यांच्या हिशेबात माझ्या दोन वर्षांच्या विद्येनं बारा दिवस खाल्ले होते. बा उठला, उंबराकडे चालत गेला आणि रहीमचाचानं रोवलेल्या पहारीपाशी उभा राहिला.

उरलेल्या दिवसांत उंबराजवळची विहीर पडली. टोपल्या मी वाहिल्या. कुणी सांगितलं नाही, मीच डोक्यावर चुंभळ ठेवली. पहिल्या दिवशी मान गेली, दुसऱ्या दिवशी घमेंड. मुरूम निघाला, तो ढिगाच्या तळाशी. पोकळ दगड निघाला, तो त्यावर. माझ्या डोळ्यांदेखत माझा डोंगर तयार होत होता. अर्ध्या खोलीवर भिंतीत काळ्या दगडाचा एक उभा पट्टा लागला, हातभर रुंद, मुरूम आणि पोकळ दगड दोन्ही चिरत खाली गेलेला. मी विचारलं, आता अगदी खाली मान घालून, की चाचा, हा आधीचा की मागचा?

“लुगडं आधी का ठिगय आधी?” रहीमचाचा म्हणाला. “जे कापते ते मागून येते.”

प्रोफेसरांनी हाच नियम पुढच्या वर्षी फळ्यावर तीन तास शिकवला. दरम्यान मी त्यांना खरी हकीकत कळवली होती. उत्तर आलं नाही. वर्गात मात्र त्यांनी ‘वऱ्हाडातल्या एका उतावळ्या विद्यार्थ्याची’ गोष्ट सांगितली आणि म्हणाले की आपल्याला पहिल्यापासून शंका होती. ते कार्ड माझ्याजवळ अजून आहे. ‘निःसंशय’ची शाई फिकी झाली आहे, पण वाचता येते.

मृगाला पाच-सहा दिवस उरले असताना गेरू लागला. रहीमचाचानं सगळ्यांना वर पाठवलं आणि एकटा खाली बसला. थोड्या वेळानं त्यानं हाक मारली ती पाणी लागलं म्हणून नव्हे, तर विडी भिजली, दुसरी सोडा म्हणून. लाल कडेवरून पाणी पाझरत होतं, बारीक, पण चारी बाजूंनी. बानं नारळ फोडला. आत्या पहिली ओंजळ प्याली, दुसरी तिनं रहीमचाचाला दिली. निम्मी वांगी गेली होती. मिरचीची रोपं मायनं घरातलं प्यायचं पाणी घालून जगवली होती. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा माझ्या ताटात भाकरीवर तेल सोडलं. मी आत्याच्या पायांवर डोकं ठेवून म्हणालो, “आत्या, तुले विचारायले पाहिजे होतं.”

“म्या सांगत होती,” ती म्हणाली. “तू माणूस जन्माच्या आधीचा निंगाला.”

बा अजूनही बोलला नव्हता. विहिरीचं, वांग्यांचं, कार्डाचं, कशाचंच नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. सुटी संपली तेव्हा त्यानं खाचर जुंपलं, माझी ट्रंक चढवली आणि नांदुऱ्यापर्यंतच्या साऱ्या वाटेवर बैलांशीच काय ते बोलला. दरडी डावीकडे होत्या, उजवीकडे होत्या. मी एकाही दरडीकडे पाहिलं नाही. ठेसनावर गुलाब हमाल पुढे आला. त्याला काही विसरायची सवय नव्हती.

“काय मालक,” त्यानं ट्रंकेला हात घालत विचारलं, “पोरानं सांगतलं का धर्तीचं वय? कुठवर आलं शिक्षण?”

बानं गाडीच्या दिशेनं, मग माझ्याकडे पाहिलं. चाकाचा तुकडा वर आला त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

“अजून गाळच निघून राह्यला,” तो म्हणाला. “पाणी लागलं का सांगतो.”